आधी पाणी, मग कॅमेरा

स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र हातात पडलं की प्रश्न ठरलेला असतो, "सर, परवडेल असा पाण्याखालचा कॅमेरा सांगा ना!" मी उलट विचारतो, उतरणार कुठे? मालवणला, की अंदमान-लक्षद्वीपला? त्या उत्तरावर निम्मी खरेदी ठरते.

पाणी प्रकाश गिळतं, तेही क्रमाने. पाचेक मीटरवर तांबडा रंग जवळपास संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. या हिशेबात नुसती खोली धरून भागत नाही. आठ मीटर खोलीवरच्या माशाचा फोटो दोन मीटरवरून काढलात, तर प्रकाशाने दहा मीटर पाणी कापलेलं असतं. म्हणून मासा आणि भिंग यांच्यामधलं पाणी कमी करणं, हा या छंदातला पहिला नियम.

मालवणच्या पाण्यात गाळ आणि प्लवक भरपूर, रंग हिरवट. तिथे लांबचं दृश्य धूसरच येणार. पण खडकाला चिकटलेली न्युडिब्रँक (समुद्री गोगलगाय) किंवा फटीतली कोळंबी वीतभर अंतरावरून सुरेख टिपता येते. या कामाला ऑलिम्पसचा टीजी-६ उत्तम. त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये भिंगापासून एक सेंटीमीटरवरची वस्तूही स्पष्ट येते आणि फोटो रॉ फाइलमध्ये साठवता येत असल्याने रंग नंतर सुधारता येतात. २०२३ मध्ये आलेल्या टीजी-७ मध्ये बदल किरकोळ आहेत. त्यामुळे चांगल्या स्थितीतला वापरलेला टीजी-६ मिळाला तर खुशाल घ्यावा.

अंदमानच्या नितळ पाण्यात, माशांच्या थव्यांचे व्हिडिओच हवे असतील, तर गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेरा सोयीचा. त्याचं भिंग रुंद असतं, पण अगदी जवळची वस्तू त्यात अस्पष्ट येते. फिल्टरही पाणी बघूनच घ्यायचा: निळ्या पाण्याला लाल, हिरव्याला मॅजेंटा. टॉर्च लावला की फिल्टर काढायचा.

खोक्यावरच्या 'वॉटरप्रूफ' शब्दाला भुलू नका. टीजीची मर्यादा १५ मीटर, गोप्रोची १०. आणि पहिलं प्रमाणपत्रच तुम्हाला १८ मीटरपर्यंत नेतं. तेव्हा हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची पाणीबंद पेटी, हवीच. हाउसिंग चढवलं की टीजी ४५ मीटरपर्यंत जातो, गोप्रो ६०. पाऊचमधला मोबाइल स्नॉर्केलिंगपुरता ठीक.

हाउसिंगचा सगळा भरवसा झाकणाच्या एका रबरी कड्यावर, म्हणजे ओ-रिंगवर असतो. तिच्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरू शकतं. म्हणून ती दरवेळी पुसून, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवून बसवावी. नवं हाउसिंग पहिल्यांदा रिकामंच, आत टिश्यू पेपर ठेवून खाली न्यावं. कोकणातल्या दमट हवेत, होडीत बसून ते बंद केलं तर खाली गेल्यावर काच धुरकटते. खोलीत कोरड्या हवेत बंद करावं, आत सिलिका जेलची पुडी टाकावी. वर आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवावं.

उरलेल्या पैशांत मोठं मेमरी कार्ड घेण्याऐवजी रुंद झोताचा टॉर्च घ्या. गेलेले रंग तोच परत आणतो. तो भिंगाच्या शेजारी मात्र धरू नका. आंबोली घाटातल्या धुक्यात हाय बीम लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तसे गाळाचे कण फोटोभर चमकतात. हात लांब करून बाजूने प्रकाश टाकावा.

एवढं करूनही ज्याला पाण्यात एका जागी स्थिर राहता येत नाही, त्याच्या फिनने गाळ उडतो आणि प्रवाळ मोडतो. आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि एकदा मोडलेली फांदी वाढायला वर्षं लागतात. तेव्हा बजेट फारच तोकडं असेल तर कॅमेरा पुढच्या हंगामात घ्या. या हंगामात ते पैसे आणखी चार डाइव्हवर, तरंगण्याच्या सरावावर खर्च करा. माशाच्या वीतभर जवळ जायची परवानगी त्या सरावानेच मिळते.