सूर्यास्तानंतरचे संगीत

आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते. त्यामुळे आमची संध्याकाळ इतरांच्या संध्याकाळीपेक्षा मोठी असते. कारंजा लाडला वडिलांनी चाळीस वर्षे कापूस, तूर आणि सोयाबीनची अडत केली. बाजारातून परतल्यावर हातपाय धुऊन, जेवून ते बैठकीतल्या लाकडी कपाटाजवळ खुर्ची ओढून बसत आणि कॅसेट लावत. मुंबईच्या कॉस्मिक कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर, दोन मोठे स्पीकर आणि एक कॅसेट डेक, एवढाच त्यांचा षौक. एरवी पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाने १९८० च्या दशकात यावर केलेला खर्च हा आमच्या घराण्यातील दंतकथेचा विषय आहे. माणिक वर्मा, भीमसेन जोशी, सुधीर फडके यांचे आवाज आम्हा भावंडांच्या कानांवर पाढ्यांबरोबरच पडले.

पुढे डेकमधले रबरी पट्टे सैल झाले. कॅसेटचा वेग कमीजास्त होऊ लागला आणि आवाज लडखडू लागला. दुरुस्त करणारा कारागीर गाव सोडून गेला. वडिलांनी एके दिवशी कपाटाचे दार लावले आणि त्याविषयी ते पुन्हा काही बोलले नाहीत. आई गेल्यानंतरच्या वर्षातली ही गोष्ट. घरात प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता, प्रत्येकाच्या कानात गाणे होते. परंतु बैठक मात्र शांत झाली. सूर्यास्तानंतरचे तीन तास वडील भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत काढतात, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला, याची खंत मला आजही आहे.

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीने सुट्टीत आल्यावर विचारले, "बाबा, आजोबांचे स्पीकर तर चांगले आहेत. मग नुसते गाणे पोहोचवणारे यंत्रच नवे का करू नये?" तिच्या या प्रश्नात सगळे उत्तर होते. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर तीस-चाळीस वर्षे सहज टिकतात. जुने होते ते गाणे साठवण्याचे माध्यम. कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली जगापुढे आणली. तिच्यानंतर सीडी आली आणि तीही मागे पडली. मग स्पीकर फेकून देण्याऐवजी त्यांना आजच्या माध्यमाशी जोडणारा एक दुवा तेवढा हवा. या दुव्याला नेटवर्क स्ट्रीमर म्हणतात. त्याला स्वतःचा आवाज नसतो. घरातल्या वाय-फायवरून किंवा स्वतःजवळच्या साठ्यातून तो गाण्याची फाइल उचलतो, तिच्यातील अंकांचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो आणि तो संकेत अ‍ॅम्प्लिफायरच्या हवाली करतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर तो अडत्या आहे. माल त्याचा नाही, पोहोचवण्याची जबाबदारी मात्र त्याची.

तयार स्ट्रीमर दहा-बारा हजारांपासून लाखांपर्यंत मिळतात. आम्ही तो घरीच करायचे ठरवले. त्यासाठी रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक मागवला. मुलांना संगणकाची भाषा शिकता यावी म्हणून इंग्लंडमधील केंब्रिज येथे हा संगणक तयार झाला आणि २०१२ च्या फेब्रुवारीत विक्रीस आला. आम्ही घेतलेला झीरो २ डब्ल्यू हा नमुना २०२१ चा; लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३० मिलिमीटर, म्हणजे काडेपेटीहून थोडासा मोठा. त्याला आवाजाची जागा नसल्याने डॅक नावाची एक पट्टी वर बसवावी लागते. अंकांचे आवाजात रूपांतर करण्याचे काम तिचे. वहीतला हिशोब असा : संगणक १,७०० रुपये, डॅक ६५०, ३२ जीबीचे कार्ड ३५०, १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह ८००, अडॅप्टर ४५०, जोडणीच्या तारा २५०. एकूण ४,२०० रुपये. डबा घरातल्याच सागवानी फळीच्या तुकड्याचा.

यात वापरलेल्या प्रणालीची हकीकत ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेतील स्लिम डिव्हाइसेस या छोट्या कंपनीने घरभर संगीत पोहोचवणारे स्क्वीझबॉक्स नावाचे यंत्र काढले. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये ही यंत्रे बंद केली. परंतु गाण्यांचा साठा सांभाळणारी तिची संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली होती. जगभरच्या हौशी मंडळींनी ती जिवंत ठेवली. आज ती लिरियन म्हणून ओळखली जाते आणि फुकट मिळते. दुकान बंद झाले तरी त्याची पेढी गिऱ्हाइकांनीच पुढे चालवावी, असा हा प्रकार. तिच्या जोडीला पायकोअरप्लेअर नावाची दुसरी प्रणाली आम्ही घेतली, आणि ती निवडण्याचे कारण आपल्याकडच्या विजेत आहे. साधारणतः संगणक चालू असताना वीज गेली तर कार्डावरची माहिती बिघडण्याची भीती असते. पायकोअरप्लेअर सुरू होताना स्वतःला पूर्णपणे तात्पुरत्या स्मृतीत उतरवून घेते. नंतर कार्डावर सहसा काही लिहितच नाही. आमच्याकडे वैशाखात दिवसातून चार वेळा वीज जाते. वीज आली की यंत्र आपोआप उभे राहते, कोणी काही करावे लागत नाही.

पहिल्या दिवशी फजिती झाली. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे पाच पिनांची गोल सॉकेट आहेत. मी घाईत फोनोच्या सॉकेटात जोडणी केली आणि आवाज फाटून घोगरा आला. तबकडीच्या सुईतून येणारा संकेत अत्यंत क्षीण असतो. फोनोची जागा तो कित्येक पट वाढवते. डॅकचा संकेत मुळातच सशक्त. त्याला ऑक्सची जागा हवी. तार बदलताच आवाज स्वच्छ झाला. दुसरा धडा अडॅप्टरचा. मोबाइलचा जुना चार्जर लावून पैसे वाचवले तेव्हा मागे सतत गुणगुण येत होती आणि मधूनच यंत्र बंद पडत होते. पाच व्होल्ट आणि अडीच अ‍ॅम्पिअरचा चांगला अडॅप्टर लावल्यावर दोन्ही तक्रारी गेल्या. ४५० रुपये त्याचेच.

आता राहिला माल. वडिलांच्या चौऱ्याऐंशी कॅसेट होत्या. श्रावण-भाद्रपदात बाजारात आवक नसते. ते दिवस मी या कामासाठी ठेवले. डेकला नवे पट्टे बसवून घेतले, हेड स्पिरिटने पुसले आणि एकेक कॅसेट संगणकात उतरवली. यात घाई चालत नाही. तासाच्या कॅसेटला तासच लागतो. गाणी फ्लॅक या प्रकारात साठवली. एमपीथ्रीमध्ये जागा वाचवण्यासाठी आवाजाचा काही भाग कायमचा गाळला जातो. फ्लॅकमध्ये काहीही न गाळता फाइल पुष्कळ लहान होते. जे एकदाच उतरवायचे आहे ते कमी प्रतीचे का उतरवावे?

त्या कॅसेटांत एक अशी निघाली की तिच्यावर नुसते '१९८६' एवढेच लिहिले होते. आत दोन्ही चाकांमधला नमद्याचा तुकडा गळून पडलेला, फीत चिकटलेली. ती लावण्याचे धाडस होईना. शेवटी स्क्रूने उघडणारी एक रिकामी कॅसेट शोधली, जुनीचे कवच पातीने हळूच फोडले आणि फितीची दोन्ही रिळे नव्या कवचात ठेवली. हात थरथरत होता; कारण आत काय आहे याचा अंदाज मला आला होता. घरातल्या टेपरेकॉर्डरवर आईने म्हटलेले स्तवन होते. मागे सायकलची घंटा, कोणीतरी दार लोटल्याचा आवाज, आणि मध्येच आईचे, "थांब रे, होतंच आलं," असे मला उद्देशून बोलणे. बावीस मिनिटे. तिचा आवाज घरात दुसरा कुठेही जपलेला नव्हता.

दिवाळीच्या आत यंत्र पूर्ण झाले. आकाशवाणीही इंटरनेटवरून त्यात आली. विविध भारती पुन्हा बैठकीत ऐकू येऊ लागली. मी वडिलांच्या मोबाइलमध्ये ते चालवण्याचे अ‍ॅप घातले आणि शिकवले. त्यांनी चष्मा लावून सगळे नीट पाहून घेतले. स्वतः दोनदा लावूनही दाखवले. मला वाटले, काम झाले.

पंधरा दिवसांनी जाणवले की डब्यावरचा दिवा चालू असतो, पण बैठक पूर्वीसारखीच शांत आहे. विचारले तर म्हणाले, "यंत्र चांगलं आहे. आवाजही तोच आहे. पण गाणं ऐकायला आता अर्ज करावा लागतो." मोबाइलचा पडदा मध्येच काळा होई, बोट चुकीच्या जागी पडे, कधी दुसरेच काही उघडे. मग सूनबाईला हाक मारायची, नाहीतर माझी वाट पाहायची. चाळीस वर्षे ज्या माणसाने कोणाला न विचारता स्वतःच्या हाताने कॅसेट लावली, त्याला मी चार हजारांत मागणारा करून ठेवले होते. त्यांनी मागणे सोडून दिले, एवढेच.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आजोबांना जुन्या रेडिओवर काय काय होतं?" आवाजाचे एक गोल बटण आणि स्टेशनचे दुसरे. तिने पुन्हा तेच करायला सांगितले. एन्कोडर नावाचा फिरणारा सुटा भाग सत्तर रुपयांना मिळतो. असे दोन मागवले. प्रत्येकाच्या पाच तारा संगणकाच्या पिनांना जोडल्या. अशा बटणांची सोय प्रणालीत आधीपासूनच होती. मी ती वापरली नव्हती, कारण मला स्वतःला तिची गरज नव्हती. डावे बटण फिरवले की आवाज कमीजास्त, दाबले की गाणे सुरू किंवा बंद. उजवे फिरवले की पुढचे किंवा मागचे. माळ्यावर पडलेल्या मेलेल्या रेडिओची बेकेलाइटची बटणे काढून, आत कागदाची घडी घालून, नव्या दांड्यांवर बसवली. हिशोबात १४० रुपयांची भर पडली, एकूण ४,३४०.

वडिलांना या वेळी काहीही शिकवावे लागले नाही. त्यांनी हात पुढे केला आणि उजवे बटण फिरवले, जणू ते मधली सगळी वर्षे तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल कापडी बांधणीची एक कोरी वही मागितली. गाणे वाजेल तसा अनुक्रमांक, गायक आणि ओळखीची खूण ते लिहून ठेवू लागले. जमाखर्चाच्या त्याच तिरप्या अक्षरात. काही दिवसांत खतावणी तयार झाली. आईची फाइल मी आदराने पहिल्या क्रमांकावर ठेवली होती. ती त्यांनी एकदा पूर्ण ऐकली. वही मिटून म्हणाले, "हे पहिलं नको ठेवूस. मधेच कुठेतरी असू दे." मी कारण विचारले नाही. ती आता दोनशे एकोणिसाव्या क्रमांकावर आहे. वहीत त्या ओळीत फक्त '१९८६' लिहिले आहे. कधी दुकानातून परतताना जिन्यातच तो आवाज कानी पडतो. तेव्हा मी दोन मिनिटे खालीच थांबतो.

हे लिहिण्याचे कारण यंत्राचे कौतुक नाही. आपल्या समाजात घरोघरी अशी कपाटे आहेत. त्यांत आजी-आजोबांचे आवाज, लग्नातली मंगलाष्टके, घरी म्हटलेली स्तवने पडून आहेत. फितीचे आयुष्य मर्यादित आहे आणि आपल्याकडची उन्हे-पावसाळे ते आणखी कमी करतात. ज्यांना स्ट्रीमर करणे जमणार नाही, त्यांनी निदान कॅसेट तरी उतरवून घ्याव्यात, आणि प्रत एकाच जागी ठेवू नये. आमची दुसरी प्रत पुण्याला मुलीकडे आहे. आणि ज्यांना यंत्र करणे जमेल, त्यांनी माझी चूक टाळावी. खर्च किती कमी आला, हा हिशोब आपण व्यापारी बरोबर करतो. परंतु ज्याच्यासाठी ते करायचे आहे, त्याचा हात कोणत्या बटणाकडे जातो, हे अगोदर पाहावे. माझ्या वहीत ते १४० रुपये शेवटी लिहिले आहेत. खरे तर ते पहिल्या ओळीत असायला हवे होते.