लाल खडकांच्या प्रदेशात, ज्येष्ठांच्या गतीने

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांचा एक प्रवास हल्ली ठरलेलाच असतो : लास व्हेगासहून मोटारीने निघायचे आणि झायन, ब्राइस कॅन्यन व ग्रँड कॅन्यन पाहून परतायचे. वाळवंटाचा आणि लाल खडकांचा हा प्रदेश एकदा तरी पाहावा असाच आहे. मात्र तो तरुणांच्या घाईने पाहिला, तर ज्येष्ठांच्या वाट्याला केवळ शीण येतो. आणि मुलांचा विरस नको म्हणून तो शीण बहुधा बोलूनही दाखवला जात नाही.

झायनचे उत्तुंग कडे म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या; काळाच्या ओघात त्यांचा खडक झाला. कोकणातल्या जांभ्याला जो लोहाचा अंश तांबूस करतो, तोच इथेही रंग भरतो. हे वैभव पाहण्यासाठी डोंगर चढावा लागत नाही. दरीतल्या शटल बसमध्ये व्हीलचेअर चढवता येते, आणि व्हर्जिन नदीच्या काठाने जाणारी ‘पारूस’ ही पक्की वाट गुडघेदुखी असलेल्यांनाही मानवते.

झायनहून ब्राइसला मोटारीने सुमारे दोन तास लागतात, पण तेवढ्यात आपण बरेच उंच आलेले असतो. ब्राइसचा कडा २,४०० मीटरहून अधिक उंच आहे. आपले महाबळेश्वर त्याच्या निम्म्याच्या आसपास. इथे चार पावलांत दम लागू शकतो. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा विकार असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पहिल्या दिवशी ‘सनसेट पॉइंट’ ते ‘सनराइज पॉइंट’ ही साधारण सपाट वाट पुरेशी आहे. छातीत दुखले, बसूनही धाप थांबली नाही किंवा गोंधळल्यासारखे झाले, तर ताबडतोब वैद्यकीय मदत मागावी.

वाळवंटातला खरा धोका मात्र दिसत नाही. हवा इतकी कोरडी असते की घाम येताक्षणीच उडून जातो आणि अंग कोरडेच वाटते. वाढत्या वयात तहानेची जाणीवही मंदावते. त्यात प्रसाधनगृह कुठे सापडेल या धास्तीने अनेक जण, विशेषतः स्त्रिया, पाणीच टाळतात. म्हणून पुढचे थांबे त्यांना आधीच सांगून ठेवावेत आणि तहानेची वाट न पाहता घोट घोट पाणी द्यावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास किंवा पाण्यावर मर्यादा असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत, म्हणजे पायांत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. इन्सुलिन उभ्या मोटारीत कधीही ठेवू नये.

घड्याळाचीही एक गंमत आहे. उन्हाळ्यात युटाहून ॲरिझोनात शिरताना वेळ एक तास मागे जाते, पण त्याच राज्यातल्या नवाहो आदिवासींच्या प्रदेशात ती पुन्हा युटाप्रमाणेच असते. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी एक घड्याळ निघाल्या ठिकाणच्या वेळेवरच ठेवावे. नवाहोंच्या मॉन्युमेंट व्हॅलीतला सुमारे २७ किलोमीटरचा कच्चा रस्ता पाठीच्या दुखण्याला सोसणार नाही. वरच्या स्वागतकक्षाजवळूनही ते खडकांचे सुळके सुरेख दिसतात.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, सुमारे २,१०० मीटर उंचीवर, संध्याकाळी एकाच ठिकाणी तासभर बसावे. दीड किलोमीटरहून खोल त्या दरीत सावल्या चढत जातात आणि खडकांचे थर एकेक करून रंग बदलतात. दहा ठिकाणी उतरून छायाचित्रे काढणाऱ्याला हे दिसत नाही. इथे ज्येष्ठांची गतीच योग्य गती ठरते.

सोबतच्या मुलांना एवढेच सांगणे : ‘आई, दमलीस का?’ असे विचाराल, तर उत्तर ‘नाही रे’ असेच येईल. म्हणून विचारू नका. दुपारची विश्रांती वेळापत्रकातच लिहून ठेवा, आणि त्या वेळी तुम्हीही आडवे व्हा.