कोणी आजारी नसताना नागपूर

आपल्या कारंजा (घाडगे) तालुक्यापासून नागपूर काही फार लांब नाही. कोंढाळी, बाजारगाव, वाडी, की आलेच नागपूर. जेमतेम पाऊणशे किलोमीटरचा रस्ता. तरी आपल्यापैकी किती जणांनी नागपूर पाहिले आहे? दवाखाना पाहिला, कोर्ट पाहिले, संत्र्याचा बाजार पाहिला, मुलांच्या प्रवेशाची रांग पाहिली. नागपूर तेवढे पाहायचे राहून गेले.

माझ्याच घरचे सांगतो. मी नागपूरच्या कृषी महाविद्यालयात चार वर्षे शिकलो. वडील महिन्यातून एकदा डबा आणि खर्चाचे पैसे घेऊन यायचे आणि वसतिगृहाच्या फाटकावरूनच परत फिरायचे, कारण रात्री ओलिताची पाळी असायची. पुढे त्यांच्या आजारपणात आईच्या नागपूरला कितीतरी फेऱ्या झाल्या. तिला शहर माहीत झाले ते एवढेच. म्हणून गेल्या हिवाळ्यात, हरभरा पेरून झाल्यावर, मी तिला म्हटले, "माय, उद्या नागपूरले जाऊ," तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, "काहून? कोन बिमार हाय?"

कोणीच बिमार नाही, नुसते पाहायला जायचे, हे पटवायला संध्याकाळ गेली. "पैसा का झाडाले लागते?" हा तिचा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर मात्र माझ्याकडे तयार होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. आई एकोणऐंशीची, म्हणजे फुकट, मंडळींचे अर्धे, पूर्ण तिकीट माझे एकट्याचे. मात्र आधार कार्ड सोबत असू द्यावे, नाहीतर वाहकाशी वाद घालण्यात दिवसाची सुरुवात होते.

एक गोष्ट आधीच सांगतो. नागपूरला जातोच आहोत तर औषध फवारायचा पंप दुरुस्त करून आणू, अमुकाकडे पत्रिका देऊ, अशी कामे त्या दिवसाला जोडू नका. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. १९८५ पासूनची ही संस्था, संत्रा बागायतदाराने एकदा तरी तिथे जाऊन आलेच पाहिजे, हे मी गावोगाव सांगत असतो. पण त्या दिवशी मी स्वतः तिथे उतरलो नाही. एका कामासाठी उतरलो की दुसरे काम आठवते, आणि बायामाणसे झाडाखाली पिशव्या राखत बसतात.

सकाळच्या गाडीने निघालो, बसस्थानकावरून सीताबर्डीला आलो. तिथे तर्री-पोहे खाल्ले. बाहेरच्या खाण्यावर पैसे घालवायचे तर यावर घालावेत. काळ्या चण्याच्या रश्श्याची ती चव घरी येत नाही. दुपारसाठी मंडळींनी पोळ्या, कोरडे बेसन आणि ठेचा बांधून घेतला होता. शहरात पैसा खरा जातो तो जेवणावर आणि ऑटोवर. शिदोरी असली आणि एकमेकांजवळची ठिकाणे निवडली, की हे दोन्ही खर्च आवरतात.

अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचे. सोमवारी ते बंद असते, हे लक्षात ठेवावे. पेंढा भरलेले वाघ-बिबटे, पक्षी, शिलालेख, आदिवासींच्या वापरातल्या वस्तू, सगळे आईने सावकाश पाहिले. तिथून महाराजबाग जवळच. भोसल्यांच्या काळची ही बाग. तिथले प्राणिसंग्रहालय कृषी विद्यापीठाकडे आहे. झाडांच्या सावलीत शिदोरी सोडली. माझे महाविद्यालयही त्याच आवारात, १९०६ साली सुरू झालेले. आई त्या इमारतीकडे बराच वेळ पाहत राहिली. "तुहे बाबा एवढ्यांदा आले, त्यायले आत नाही नेलं का तू?" म्हणाली. नेले नव्हते. तेव्हा मला त्यांच्या धोतराची लाज वाटायची, हे मी तिला सांगितले नाही. तुम्हाला सांगतो आहे.

मग मेट्रो. ती २०१९ साली सुरू झाली. सीताबर्डीहून रहाटे कॉलनीपर्यंत गेलो. अंतर थोडे, पण सरकता जिना आणि घरांच्या गच्च्यांवरून जाणारी गाडी यांनीच पैसे फिटले. सरकत्या जिन्यावर म्हाताऱ्या माणसाचा हात धरावा, लुगड्याचा काठ सांभाळावा. भीती वाटली तर लिफ्ट असते. पुढे दीक्षाभूमीपर्यंत ऑटो केला, भाडे आधी ठरवून.

दीक्षाभूमीवर स्तूपाच्या घुमटाखाली आई भिंतीला टेकून बसली. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिचे माहेर अमरावती-नागपूर रस्त्यावरचे. पांढरी वस्त्रे नेसलेली माणसे पायी, बैलगाडीने, लेकरे खांद्यावर घेऊन नागपूरकडे जाताना तिने बांधावरून पाहिली होती. "मी बापाले इचारलं, हे लोक कुठं चालले? तो काही बोलला नाही," असे तिने सांगितले. ही गोष्ट इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तिथे आम्ही तासभर बसलो, एक पैसा लागला नाही.

परतताना रस्त्यावरच्या गाडीवर आईने संत्र्याचा भाव विचारला आणि मोठ्याने हसली. एवढाली फळे आपल्याकडे गळ म्हणून बांधाशी टाकतात! संत्रा बर्फी मात्र अर्धा किलो घेतली. ती शेवटी घ्यावी, नाहीतर दिवसभर हातात ओझे होते. झिरो माईलचा दगड आणि फुटाळा तलाव राहिला. राहू द्यावा. एका दिवसात सगळे उरकायला गेले, की नुसते पाय दुखतात.

तिघांचा सगळा खर्च हजाराच्या आत झाला. परतीच्या गाडीत मी सुरुवातीच्या स्थानकावरूनच चढवले, म्हणजे बसायला जागा मिळते. कोंढाळीपर्यंत आई जागी होती.

आता शेजारच्या काकू आईच्या मागे लागल्या आहेत. पौषात दोघी जायचे म्हणतात, मला सोबत न घेता. सोमवार धरू नका, एवढे सांगून ठेवले आहे.