साल असलेली पत्रं

जुन्या मोडी पत्रांत पुष्कळदा साल नसतं. महिना असतो, तिथी असते, वार असतो. साल मात्र नाही. लिहिणाऱ्याला ते ठाऊक, वाचणाऱ्यालाही ठाऊक, मग त्यासाठी बोरू पुन्हा दौतीत कशाला बुडवायचा? पुढे वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांतले रुमाल सोडवत फिरले, १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, आणि या न लिहिलेल्या सालांचा शोध घेण्यात कित्येक अभ्यासकांची उमेदीची वर्षं गेली. पत्रात कुठल्या मोहिमेचा उल्लेख आहे, कुणाच्या मुंजीचा आहे, त्या वर्षी अधिक महिना कुठला होता, असं करत करत एकेका कागदाला त्याचं साल परत मिळालं.

आता ई-मेल उघडून बघा. रोज उघडतो तसा नव्हे. त्याची फाइल करून नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडा. एरवी कधी न दिसणारा मजकूर आधी समोर येतो. वार, तारीख, तास, मिनिटं, सेकंद आणि शेवटी ‘अधिक ०५३०’, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे चालणाऱ्या घड्याळावर हे पत्र लिहिलं गेलं. पत्र ज्या ज्या यंत्रातून गेलं, त्या प्रत्येकाने आपली वेळ नोंदवलेली असते. नवी नोंद जुनीच्या वर चढते, म्हणून पत्राचा प्रवास खालून वर वाचत जायचा. प्रत्येक पत्राला स्वतःचा क्रमांक असतो आणि ते उत्तर असेल, तर कुठल्या पत्राचं उत्तर आहे तेही नोंदलेलं असतं. इतकी माहिती अंगावर वागवणारी पत्रं आपल्याकडे पूर्वी कधी लिहिली गेली नव्हती. आणि नेमकी तीच आपल्या घरात नसतात. ती कुठल्या तरी दूरच्या कंपनीच्या यंत्रांवर असतात. आपल्याला दिसतं ते दर वेळी तिथून आणून दाखवलेलं.

याला थोडा इतिहास आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्या वर्षी, ४ जुलैला, साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचं हॉटमेल आलं आणि स्वतःचा कॉम्प्युटर नसलेल्या माणसालाही पत्ता मिळाला. पण जागा किती, तर दोन एमबी. चार फोटो आले की पेटी भरायची, मग जुनं पुसायचं. एक पिढी अशी पत्रं पुसत पुसतच ई-मेल शिकली. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल एक जीबी जागा घेऊन आलं आणि पुसायची गरज संपली. गरज संपली तसा विचारही संपला. आहे की तिथे सगळं, शोधलं की सापडतं! मला या वाक्याची भीती वाटते. माझ्या बाबांच्या पत्रव्यवहाराचा अर्धा भाग या वाक्यानेच गिळला.

बाबा साताऱ्याला शिक्षक होते. मी शिकायला लीड्सला गेले तेव्हा निवृत्त होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. ते आधी पाठकोऱ्या कागदावर पत्र लिहीत आणि तो कागद घेऊन स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जात. तासाचे पैसे पडायचे, म्हणून तिथे बसून विचार करायचा नाही, नुसतं टाइप करायचं. रोमन लिपीतलं मराठी, पण मायना पुरा: चिरंजीव अमुक हिस अनेक उत्तम आशीर्वाद, विनंती विशेष. शेवटी ‘कळावे’. मध्ये आईचा गुडघा, कृष्णेचं पाणी, शेजारच्या काकूंच्या घराचा रंग, वाटाण्याचा भाव. विषयाच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द, खुशाली.

पुढे घरी कॉम्प्युटर आला आणि कुणीतरी त्यावर मराठी फॉन्ट बसवून दिला. बाबांना कोण आनंद झाला होता! पण तो युनिकोडच्या आधीचा फॉन्ट. त्यात देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. तो फॉन्ट ज्याच्याकडे आहे त्याला मराठी दिसणार, नसेल त्याला स्वल्पविराम, कंस आणि चित्रविचित्र चिन्हांची रास. त्या महिन्यांची पत्रं आज मी वाचू शकते, कारण पत्रांच्या शेजारी मी त्या फॉन्टची फाइलही ठेवली आहे. आपल्याकडच्या घरोघरच्या जुन्या मेलची ही खास गोष्ट आहे. नुसतं पत्र राखून भागत नाही, त्याची लिपीही राखावी लागते. मोडीचं जे झालं ते या फॉन्टांचं वीस वर्षांतच झालं.

बाबांची पत्रं माझ्याकडे आहेत. मी त्यांना लिहिलेली नाहीत. त्या काळी कित्येक सेवांमध्ये पाठवलेल्या पत्राची प्रत आपोआप राहत नसे, वेगळी खूण करावी लागे. माझी पत्रं होती ती बाबांच्या खात्यात. ते गेल्यावर त्या खात्यात कुणी शिरलं नाही, कंपनीच्या नियमाप्रमाणे ठरावीक मुदत उलटली आणि खातं रिकामं झालं. तक्रार तरी कुणाकडे करणार? नियम तिथे लिहिलेलाच होता. आज असे नियम सगळीकडे आहेत. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केलं. मेलेल्या माणसाचं खातं आणि विसरलेलं खातं यांत यंत्राला फरक दिसत नाही.

जस्टिन एल्सवर्थ नावाचा अमेरिकन सैनिक नोव्हेंबर २००४ मध्ये इराकमध्ये मारला गेला. त्याच्या वडिलांना त्याचे ई-मेल हवे होते. खातं याहूचं होतं आणि कंपनीच्या अटींप्रमाणे ते दुसऱ्या कुणाला देता येत नव्हतं. शेवटी मिशिगनच्या न्यायालयाने २००५ साली आदेश दिला, तेव्हा कंपनीने ती पत्रं वडिलांच्या हवाली केली. एका बापाला मुलाच्या पत्रांसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. कंपनीची बाजू मला समजते. पत्र खासगी असतं, आणि मुलाने काय लपवलं असेल हे बापाला कळावं का, हा प्रश्न लहान नाही. म्हणूनच हे ज्याचं त्याने हयातीत ठरवावं. आपण गेल्यावर कुणाला काय मिळावं ते आधी सांगून ठेवायची सोय गूगलने २०१३ पासून केलेली आहे. सेटिंग्जमध्ये खोल कुठेतरी ती पडून असते.

मेल ‘मोबाइलवर पण आहे आणि लॅपटॉपवर पण आहे, म्हणजे दोन प्रती झाल्या’ असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. हल्ली बहुतेक प्रोग्रॅम आयमॅप नावाच्या पद्धतीने चालतात. तिच्यात मूळ पत्र सर्व्हरवर असतं आणि आपली सगळी यंत्रं त्याच्याशी जुळवून घेत राहतात. तिकडे पुसलं की इकडेही पुसलं जातं. खरी प्रत म्हणजे जिला मुळाची खबर नसते ती. २०११ च्या फेब्रुवारीअखेर एका सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे काही जीमेलधारकांच्या पेट्या एकाएकी रिकाम्या दिसू लागल्या. गूगलने सांगितलं, एकूण वापरणाऱ्यांपैकी ०.०२ टक्के. पत्रांच्या अनेक प्रती वेगवेगळ्या केंद्रांत होत्या, पण दोष त्या सगळ्यांपर्यंत पोहोचला होता. पत्रं परत आली ती चुंबकीय टेपवरून. टेप यंत्रापासून वेगळी काढून ठेवलेली होती, म्हणून वाचली.

घरच्या कॉम्प्युटरवर अशी वेगळी प्रत करण्याचं काम अवघड नाही, फक्त चिकाटीचं आहे. मी थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम वापरते. २००४ पासून तो फुकट मिळतो. त्यात खातं जोडायचं, ‘लोकल फोल्डर्स’खाली वर्षावर्षाचे फोल्डर करायचे आणि पत्रं निवडून तिथे कॉपी करायची. मूव्ह नाही, कॉपी. घाई करायची नाही. हजार-पाचशेच्या गठ्ठ्याने घ्यायची आणि उतरली का ते बघून पुढे जायचं. ‘सेंट’ हा फोल्डर पहिल्यांदा घ्यावा असं माझं ठाम मत आहे. आलेली पत्रं निदान पाठवणाऱ्याकडे असतील, पण आपण काय लिहिलं ते आपल्याशिवाय कोण ठेवणार? ज्यांचं सगळं जीमेलवर आहे त्यांना गूगलच्या टेकआउटमधून अख्खी पेटी एकदम मागवता येते. ती एमबॉक्स नावाच्या फाइलमध्ये येते.

या एमबॉक्सवर माझा जीव आहे. युनिक्सच्या जुन्या काळापासून चालत आलेली ही साधी रीत: सगळी पत्रं एकाच मजकुराच्या फाइलमध्ये एकाखाली एक, आणि प्रत्येक पत्राची सुरुवात ‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीने. मग कुणी पत्राच्या पोटातच त्या शब्दाने ओळ सुरू केली तर? प्रोग्रॅम त्या ओळीआधी बाणाच्या टोकासारखी एक खूण घालतो, नवीन पत्र समजू नये म्हणून. माझ्या भावाच्या एका इंग्रजी पत्रात विमानतळावरून लिहिलेल्या ओळीपुढे ती खूण अजून आहे. थंडरबर्डच्या फोल्डरमध्ये पाहिलं तर ‘इनबॉक्स’ नावाची, पुढे काही न जोडलेली फाइल दिसते, तीच ही. शेजारची ‘एमएसएफ’वाली नुसती अनुक्रमणिका, ती हरवली तरी नवी बनते. रोमन अक्षरांतली पत्रं सरळ वाचता येतात. देवनागरी पत्रं पुष्कळदा बेस-६४ नावाच्या सांकेतिक रूपात असतात, कारण मेलची जुनी यंत्रणा साध्या रोमन अक्षरांपुरतीच बांधलेली होती. त्या रूपात ‘आई’ हा शब्द दिसतो असा: ४, के, एस, जी, ४, के, एस, आय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, त्याची चार रोमन चिन्हं होतात. बाबांच्या शेवटच्या वर्षांतल्या युनिकोड पत्रांत मी ही आठ चिन्हं डोळ्यांनी शोधून काढली आहेत.

बंदिस्त रूपांवर मी विसंबत नाही. आउटलुकची पीएसटी फाइल कामाच्या जागी सोयीची असेल, पण ती उघडायला तोच प्रोग्रॅम किंवा त्याची भाषा जाणणारा दुसरा लागतो, आणि प्रोग्रॅमची आयुष्यं छोटी असतात. १९८८ साली स्टीव्ह डॉर्नर यांनी लिहिलेला यूडोरा एके काळी जगभर चालायचा. आज तो संग्रहालयात आहे. त्याची पत्रं मात्र एमबॉक्सच्याच वळणाच्या फायलींत होती, म्हणून अजून वाचता येतात.

आणखी एक. हल्लीच्या मेलमध्ये पुष्कळदा फोटो नसतात, फोटोंचे दुवे असतात. दुवा जपला म्हणजे फोटो जपला असं होत नाही. ज्या पत्रांत बारशाचे, साठीशांतीचे फोटो अशा दुव्यामागे आहेत, ती उघडून फोटो वेगळे उतरवून घ्यावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

आता प्रती किती आणि कुठे? निदान दोन डिस्क, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. पुण्याच्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. ट्रंकेतली पत्रं आणि फोटो काही जवळचे-लांबचे बघून भिजत नाहीत. माझी एक डिस्क माझ्याकडे, दुसरी भावाकडे कोल्हापूरला, दोन्हींना कुलूपशब्द आणि तो आम्हा दोघांनाही ठाऊक. डिस्क कपाटात ठेवली की काम संपलं, असंही नाही. रेशमी साडी वर्षातून एकदा काढून जुनी घडी मोडून नवी घालतात, नाहीतर घडीवरच चिरते. तसं ही डिस्क काढून जोडायची, मधलीच चार पत्रं उघडून वाचायची आणि काही वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर घ्यायचं. पेन ड्राइव्हवर तर वर्षानुवर्षांचा भरवसा मुळीच टाकू नये.

काय ठेवावं, यावर घरात मतभेद होतात. भावाचं म्हणणं, जाहिराती आणि बँकेच्या सूचना काढून टाक, नीटनेटकं ठेव. जाहिराती मीही काढते. पण बाकी निवड करायला माझा हात धजत नाही. राजवाड्यांच्या काळी लोक राजकारणाची पत्रं आधी शोधत. आज अभ्यासक त्याच दफ्तरांतून धान्याचे भाव, वैद्याची औषधं आणि लग्नातल्या आहेराच्या याद्या वेचतात. ब्रिटिश लायब्ररीने २०११ साली वेंडी कोप या कवयित्रीचा संग्रह घेतला, त्यात सुमारे ४० हजार ई-मेल होते. मोठ्या माणसांच्या मेलना असं घर मिळतं. वाटाण्याच्या भावाला आपलंच घर.

या दिवाळीत नागपूरला आत्याकडे जायचं आहे. तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर अजून आउटलुक एक्स्प्रेस आहे. विंडोज व्हिस्टापासून तो बंदच झाला. तो प्रोग्रॅम चालतो आहे तोवर पत्रं निवडून डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये ओढली की एकेका पत्राची सुटी फाइल होते, आणि ती पुढे कुठेही वाचता येते. आत्या फोनवर म्हणाली, “अगं, त्यात आहे काय? हळदीकुंकवाची बोलावणी आणि तुझ्या बाबांची लांबलचक पत्रं.” बाबांनी तिला लिहिलेली पत्रं मी कधी पाहिलेली नाहीत. तिच्या नातवाला सांगून ठेवलं आहे, मी येईपर्यंत त्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस, आणि कुणी फॉरमॅट करून देतो म्हणालं तर नको म्हण.