नदीला दिलेली जागा

२०१९च्या उन्हाळ्यात नेदरलँडमधील नायमेगन येथे काही आठवडे राहण्याचा योग आला. १९२३ साली कॅथॉलिकांनी उभारलेल्या तेथील विद्यापीठात मी अभ्यासासाठी गेलो होतो. रविवारच्या मिस्साबलिदानानंतर एक वृद्ध, निवृत्त शिक्षक मला नदीकाठी फिरावयास नेत. एकदा पलीकडच्या लेंट गावाच्या बाजूस उभे असता त्यांनी पाण्याकडे हात केला आणि म्हणाले, “फादर, आमचे घर तिथे होते.”

घर पुरात गेले असावे असे वाटून मी सांत्वनाचे शब्द शोधू लागलो. ते हसले. “पुराने नेले नाही. आम्हीच नदीला दिले.”

ऱ्हाईनची मुख्य शाखा असलेली वाल नदी नायमेगनपाशी एकदम वळते आणि अरुंद होते. एका तीरावर उंचावर वसलेले जुने शहर, दुसऱ्या तीरावर लेंटचा बांध. मधल्या चिंचोळ्या वाटेत पुराचे पाणी तुंबत असे. १९९३ साली आणि पुन्हा १९९५ साली तेथील नद्या फुगल्या. १९९५मध्ये तर सुमारे अडीच लाख माणसांना घरे सोडून जावे लागले. बांध कसेबसे टिकले. परंतु शतकानुशतके बांध उंच करीत आलेल्या त्या लोकांना प्रश्न पडला, आणखी किती उंच करायचे? बांध जितका उंच, तितका तो फुटल्यावर होणारा अनर्थ मोठा. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला आणि देशभर तीसहून अधिक ठिकाणी नदीलाच अधिक जागा करून दिली.

लेंटचा बांध ३५० मीटर मागे नेण्यात आला. मोकळ्या झालेल्या जमिनीत तीन किलोमीटरहून लांब असा दुसरा प्रवाह खोदला, मध्ये एक बेट तयार झाले. पूर आला की पाणी दोन वाटांनी जाते आणि पातळी सुमारे ३५ सेंटिमीटरने खाली राहते. त्यासाठी सुमारे पन्नास घरे पाडावी लागली. गावाने आरंभी विरोधही केला. आज त्याच पाण्यात मुले पोहतात, तरुण होड्या वल्हवतात आणि संध्याकाळी काठावर माणसे येऊन बसतात.

तेथे ‘झालिगे’ नावाचा पादचारी पूल आहे. पुराच्या दिवसांत त्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते आणि ठोकळ्यांवर पाय ठेवीत पुलापर्यंत जावे लागते. जानेवारी २०१८मध्ये पाणी चढले तेव्हा तो अनुभव घेण्यासाठी लोकांची रीघ लागली होती. डच भाषेत ‘झालिग’ म्हणजे धन्य. डोंगरावरील प्रवचनात हाच शब्द येतो.

मला मात्र त्या काठावर वसईतील आमची वाडी आठवली. वाडीत बावखल होते. पावसाचे पाणी त्यात साठे, बागायतीला पुरे आणि जमिनीत मुरून विहिरीचे पाणी गोड राखी. घर वाढवायचे ठरले तेव्हा वडिलांनी माझा सल्ला विचारला. मी तेव्हा नुकताच धर्मगुरू झालो होतो. “बुजवून टाका, डासांचा त्रास तरी जाईल,” असे मी सहज सांगून टाकले. जुलै २०१८मध्ये वसई पाण्याखाली गेली, गाड्या बंद पडल्या, तेव्हा आमच्या नव्या खोल्यांत गुडघाभर पाणी होते. एवढे पाणी आले कुठून, असे शेजारी विचारीत होते. मी गप्प राहिलो. ते आपल्या जुन्या जागी आले होते.

“घराची आठवण येत नाही का?” मी त्या शिक्षकांना विचारले.

“येते तर! परसातले पेअरचे झाड फार आठवते. पण आता सारे शहर आमच्या अंगणात बसावयास येते.”

परत आल्यावर मी धाकट्या भावाशी बोललो. वाडीच्या टोकाला एक पडीक तुकडा आहे. तेथे पुन्हा बावखल खोदावे, असे सुचविले. त्याने मला त्या जागेचा आजचा भाव सांगितला. तो चुकीचे सांगत नव्हता. तरी येत्या पावसाळ्यापूर्वी मी त्याला पुन्हा विचारणार आहे.