पांढरें निशाण

दारीं चालून आलेलें राज्य निशाणाच्या रंगासाठीं परत धाडणारा पुरुष इतिहासांत विरळा. फ्रान्सच्या बोर्बों घराण्यांतील हेन्री, शांबोरचा काउंट, असा होता.

१८३० च्या क्रांतींत त्याचा आजा दहावा चार्लस पदच्युत झाला, तेव्हां हा नातू अवघा नऊ वर्षांचा होता. चाळीस वर्षें परदेशांत गेलीं आणि दैव फिरलें. जर्मनांपुढें तिसऱ्या नेपोलियनची बादशाही कोसळली. १८७१ च्या फेब्रुवारींत निवडलेल्या राष्ट्रसभेंत राजपक्षाचें मताधिक्य झालें. लोकांस राजा हवा होता म्हणून हें घडलें, असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांस युद्ध थांबावयास हवें होतें, आणि तहाची भाषा राजपक्षीय बोलत होते. पायाच मुळीं भुसभुशीत!

त्यांतही दोन तट. ऑर्लिआं शाखेच्या लुई फिलिपनें १८३० त गादी बळकाविली होती. ही भाऊबंदकी जुनी. परंतु हेन्रीस अपत्य नव्हतें. तेव्हां आधीं त्यानें राज्य करावें व मागून लुई फिलिपच्या नातवानें, असा मेळ बसला. ५ ऑगस्ट १८७३ रोजीं तो नातू ऑस्ट्रियांत फ्रोसडॉर्फ येथें जाऊन हेन्रीस घराण्याचा प्रमुख म्हणून मान देऊन आला.

अडलें तें निशाणापाशीं. हेन्रीस पूर्वजांचें पांढरें निशाण हवें, सैन्य तिरंगी सोडीना. २७ ऑक्टोबरच्या पत्रांत त्यानें अटी साफ नाकारल्या आणि बेत फिसकटला.

हा भाग शिकवितांना आमचे विद्यार्थी हंसत. आम्हांस मात्र तो मूर्ख वाटत नाहीं. ज्याचा हक्क जन्माचा, त्यानें सभेशीं घासाघीस करून गादी घेतली तर तो सभेचा नोकर झाला. हें त्यास पुरें कळत होतें. कळलें नाहीं तें इतकेंच कीं, तिरंगी निशाणाखालीं ज्यांचे बाप आणि मुलगे पडले, त्यांचेंही त्या कापडाशीं रक्ताचेंच नातें होतें.

नोव्हेंबरांत तो गुप्तपणें व्हर्सायला आला. अध्यक्ष मॅकमहॉन आपणांस सभेपुढें नेईल ही आशा. त्या सेनापतीनें भेटही नाकारली. ३० जानेवारी १८७५ रोजीं प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाच्या निवडणुकीचें कलम ३५३ विरुद्ध ३५२ मतांनीं मंजूर झालें. एका मताचें अंतर! हेन्री १८८३ त फ्रोसडॉर्फलाच वारला. पॅरिसप्रवेशासाठीं करविलेल्या त्याच्या घोडागाड्या शांबोरच्या वाड्यांत अद्याप आहेत.