खालची कॉर्ड बदलते तेव्हा

भजनात पेटीवर एकदा सा धरला की आरती होईपर्यंत तो हलत नाही. गोव्यात, मोरजीत याच आधारावर माझा कान तयार झाला. म्हणून शापोरा नदीपलीकडे, शिवोलीला कीबोर्ड शिकायला गेलो तेव्हा गोंधळूनच गेलो. सरांनी मला एकच पट्टी दाबून धरायला लावली आणि ते खालच्या कॉर्ड्स बदलत गेले. माझं बोट जागेवरच होतं. तरी तोच सा एकदा घरचा वाटला, एकदा परका, एकदा रडवेला.

मग त्यांनी बीटल्सचं 1965 चं ‘येस्टरडे’ समोर ठेवलं. पांढरी चारचा सा. दुसऱ्याच कॉर्डमध्ये तीव्र मध्यम येतो, लगेच कोमल धैवत, आणि त्याला खेटून शुद्ध धैवत! हे दोन धैवत असे पाठोपाठ घ्यायला माझा गळा तयारच होईना. सरांचं म्हणणं, गाणं क्षणभर दुसऱ्या सा-कडे निघालंय, तू जुना सा सोड. सोडायचा कसा, हेच तर कळत नव्हतं.

नदीच्या या दोन तीरांचे कान वेगळे घडले, असं मला आता वाटतं. पलीकडे बार्देशात चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या पोरं व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकली. अलीकडचं आमचं पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं तेच मुळी अठराव्या शतकाच्या अखेरीस. बार्देशातलेच रेइश मागुशचे सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनचे अरेंजर झाले. हळदोण्याचे चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (1951) वाजवत होते. चाल आपल्याकडची आणि खालचा सगळा प्रवास या लोकांचा. लहानपणापासून ऐकलेली ती हिंदी गाणी मी आता फक्त खालच्या अंगाने ऐकतो.

नवी गाणी मला पटकन वाजवता आली. ‘देस्पासितो’ (2017) चारच कॉर्ड्सवर फिरत राहतं. 2012 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी 1955 ते 2010 मधल्या लाखो ध्वनिमुद्रणांची छाननी केली. स्वरांच्या जोडण्यांमधलं वैविध्य घटत गेलंय आणि आवाज चढत गेलाय, असं त्यांना दिसलं. पण बीटल्सच्याच ‘लेट इट बी’ची सुरुवातही साध्या चार कॉर्ड्सचीच आहे, आणि ‘सैराट’साठी अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन अख्खा सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला. जुनं ते सगळं गुंतागुंतीचं, असं काही नाही. आमच्या भजनाला तर कॉर्ड्सच नसतात, आणि त्याला कोणी गरीब म्हणू नये. तिथली सगळी श्रीमंती एका सा-भोवती आहे. चार कॉर्ड्सच्या गाण्यात मात्र ना तो ठाव मिळतो, ना ‘येस्टरडे’सारखं घर सोडून जाणं. मला खटकतं ते एवढंच.

परवा सरांनी मला अभंग म्हणायला लावला आणि स्वतः कॉर्ड्स शोधत बसले. भीमपलासातल्या एका जागेवर ते तीनदा थांबले, चौथी कॉर्ड लावून पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, इथे नुसता सा-प ठेवूया.